४३५ चे दोन तृतीयांश २९०, मग २८४ मतांनी व्हेटो उलटला कसा?

पाटीपेन्सिल

मंडळी, एका प्रश्नमंजुषेचे प्रश्न काढायचं काम गळ्यात पडलंय. विषय राज्यकारभार. त्यात एक मला बिनधोक वाटणारा प्रश्न घातला: अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाने नकाराधिकार वापरून परत पाठवलेलं विधेयक प्रतिनिधिगृहाला तरीही मंजूर करायचं असेल तर किती मतं लागतात? उत्तर लिहिलं २९०. सभागृह ४३५ चं, लागतात दोन तृतीयांश, हिशेब तोंडी होतो.

प्रश्न तपासणाऱ्या मैत्रिणीने लाल शाईत एवढंच लिहून कागद परत पाठवला: "१९७३. २८४ विरुद्ध १३५." (म्हणजे मलाही व्हेटोच बसला.) शोधलं तर खरं निघालं. ७ नोव्हेंबर १९७३, 'वॉर पॉवर्स रेझोल्यूशन'. काँग्रेसला (म्हणजे तिथल्या संसदेला; प्रतिनिधिगृह आणि सिनेट ही तिची दोन सभागृहं) न विचारता परदेशी लढाईत सैन्य गुंतवून ठेवायला राष्ट्राध्यक्षाला आवर घालणारा कायदा. निक्सन यांनी तो नाकारला होता. प्रतिनिधिगृहात २८४ विरुद्ध १३५, सिनेटमध्ये ७५ विरुद्ध १८, आणि नकार उलटला. सिनेटचं समजलं, शंभरातले ७५ म्हणजे भरपूर झाले. पण २८४ म्हणजे २९० ला सहा कमी, हे माझ्या पहिलीतल्या भाचीलाही कळेल.

तर पहिला प्रश्न, हे चाललं कसं? आणि विचारतोच आहे तर: पुन्हा मंजूर झालेलं विधेयक सहीसाठी परत राष्ट्राध्यक्षाकडे जातं का? यात काही मुदत असते का? आणि त्याने सहीही केली नाही, परतही पाठवलं नाही, नुसतं दाबून ठेवलं तर?

सरळरेघ

छपाईची चूक असणार. २९४ चं २८४ झालं असेल. राज्यघटनेत दोन तृतीयांश म्हटलंय म्हणजे दोन तृतीयांश. २९० ठेवा आणि पुढे चला.

मास्तरीण

पाटी, पुढे जाऊ नकोस, थांब. छपाईची चूक नाही. मैत्रिणीला माझ्याकडून शाबासकी दे.

आधी माझी कबुली. मी अकरा वर्षं वर्गात हेच शिकवलं: प्रतिनिधिगृहात २९०, सिनेटमध्ये ६७. फळ्यावर लिहून खाली दोन रेघा ओढायचे. बाराव्या वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "बाई, २८४." वर्ष हेच, १९७३. मी त्याला जे उत्तर दिलं ते सरळरेघ यांनी वर दिलंय, शब्दशः. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन शब्द मागे घ्यावे लागले. तेव्हापासून हा विषय निघाला की माझा हात आपोआप खडू शोधतो.

चूक अंशात नाही, छेदात आहे. आपण 'दोन तृतीयांश' ऐकतो आणि खाली ४३५ लिहून मोकळे होतो. पण कशाचे दोन तृतीयांश? त्यांच्या राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदाच्या सातव्या विभागात शब्द आहेत 'त्या सभागृहाचे दोन तृतीयांश'. आता सभागृह म्हणजे कोण? निवडून आलेले सगळे, की त्या दिवशी गणपूर्ती, म्हणजे लागणारी किमान हजेरी, होऊन बसलेलं सभागृह? हा वाद खरोखर न्यायालयात गेला होता. कोरड्या राज्यांत, म्हणजे दारूबंदी असलेल्या राज्यांत, बाहेरून दारू नेण्यावर बंधन घालणारा कायदा १९१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांचा नकार उलटवून झाला. पुढे कॅन्ससमध्ये दारू नेल्याबद्दल एका रेल्वे कंपनीवर खटला झाला. कंपनीचा बचाव असा की हा कायदा झालेलाच नाही, कारण सिनेटच्या सगळ्या सदस्यांचे दोन तृतीयांश बाजूने नव्हते, फक्त हजर असलेल्यांचे होते. दारूच्या वाहतुकीवरून सुरू झालेलं प्रकरण कुठे पोचलं बघ. १९१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: गणपूर्ती झाली की ते सभागृह, आणि त्यातल्या मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश पुरेत.

आता तुझे आकडे घे. २८४ अधिक १३५ म्हणजे ४१९. त्याचे दोन तृतीयांश २७९ आणि वर थोडं, म्हणजे २८० हवेत. मिळाली २८४. चार जास्तच.

वर्गात मी यासाठी एक सोपी खूण सांगायचे, भागाकार करायलाच नको. 'हो' ची मतं 'नाही' च्या मतांच्या दुप्पट किंवा जास्त असली की झालं. १३५ ची दुप्पट २७०, आणि २८४ त्याच्या वर. संपलं. पण हीच खूण उलटीकडून लावून बघ. २८४ ची निम्मी १४२. म्हणजे त्या दिवशी गैरहजर असलेल्यांपैकी आठ जण येऊन 'नाही' म्हणाले असते तर 'नाही' ची मतं १४३ झाली असती आणि ठराव पडला असता. बाजूने मत दिलेल्या एकाचंही मन वळवायची गरज नव्हती, न आलेल्यांपैकी आठ जणांना आणून बसवलं असतं तरी पुरलं असतं. म्हणून व्हेटोवर मतदान असतं त्या दिवशी पक्षाचे प्रतोद भाषणं ऐकत बसत नाहीत, दाराकडे डोळे लावून डोकी मोजत असतात.

तुझ्या बाकीच्या प्रश्नांवर जेवण झाल्यावर लिहिते.

सरळरेघ

बरं, मागे घेतो. पण मग 'गणपूर्ती झाली' एवढ्यावर इतका मोठा निर्णय? निम्म्याहून एक जास्त हजर, त्यातले दोन तृतीयांश, म्हणजे एकूण सभागृहाचा जेमतेम तिसरा हिस्सा राष्ट्राध्यक्षाला गुंडाळून ठेवणार?

मास्तरीण

कागदावर हो. ४३५ मध्ये गणपूर्ती २१८ ची, त्याचे दोन तृतीयांश १४६. व्यवहारात असं होत नाही, कारण व्हेटोच्या मतदानाला राष्ट्राध्यक्षाचे लोक झोपलेले नसतात. पण घटकराज्यांच्या विधिमंडळांत थोडंफार झालंय. नॉर्थ कॅरोलायना, ११ सप्टेंबर २०१९. राज्यपालांनी अर्थसंकल्प नाकारला होता. तिथे तीन पंचमांश लागतात, तेही हजर राहून मत देणाऱ्यांचे. सकाळच्या बैठकीत विरोधी बाकांवर फारसं कुणी नव्हतं. सकाळी मतदान होणार नाही असं आपल्याला सांगितलं होतं, हे त्यांचं म्हणणं. असं काही कबूल केलंच नव्हतं, हे बहुमतवाल्यांचं. १२० सदस्यांच्या सभागृहात ५५ विरुद्ध ९. एकूण सदस्यांच्या निम्मीसुद्धा मतं बाजूने नाहीत, आणि नकार त्या सभागृहापुरता उलटला! हजर असलेली एक विरोधी सदस्या ध्वनिक्षेपकासमोरून हलायला तयार नव्हती. पण मतं मोजून झाली होती.

गंमत पुढे आहे. दुसऱ्या सभागृहात तो अर्थसंकल्प कधी पार झालाच नाही, म्हणजे शेवटी नकार टिकला. आणि या राज्याच्या राज्यपालांना नकाराधिकार मिळाला तोच मुळी १९९६ च्या सार्वमतानंतर. त्याआधी विधिमंडळाने मंजूर केलं की कायदा, सहीचा प्रश्नच नाही.

आता पाटीचे प्रश्न.

विधेयक पुन्हा राष्ट्राध्यक्षाकडे सहीला जातं का? नाही. तो आपले आक्षेप लिहून विधेयक ज्या सभागृहात जन्मलं तिथे परत पाठवतो. ते आक्षेप कामकाजाच्या नोंदवहीत उतरवले जातात. मग सभागृहापुढे प्रश्न ठेवतात तो साधारण असा: राष्ट्राध्यक्षांचे आक्षेप असले तरीही हे विधेयक मंजूर करायचं का? मतदान नावानिशी. इथे आवाजी 'हो'च्या कोलाहलात लपता येत नाही, कोण कुठे उभं राहिलं ते कायमचं लिहिलं जातं. पहिल्या सभागृहात पडलं तर विषय तिथेच संपतो, दुसऱ्याला तोंड उघडायची वेळच येत नाही. दोन्हीकडे पार पडलं तर त्या क्षणी कायदा, सही नाही, शिक्का नाही.

आणि एक, जे बहुतेकांना ठाऊक नसतं: फेरविचारात एक स्वल्पविरामही बदलता येत नाही. जसं परत आलं तसंच घ्यायचं किंवा सोडायचं. याची फजिती २००८ मध्ये झाली. शेतीचं भलंमोठं विधेयक, पंधरा प्रकरणांचं. राष्ट्राध्यक्षाकडे पाठवायच्या प्रतीत कारकुनी चुकीने तिसरं प्रकरण घालायचंच राहिलं. ३४ पानं गळाली. बुश यांनी ती अपुरी प्रत नाकारली, मे महिन्यात दोन्ही सभागृहांनी दणदणीत बहुमताने नकार उलटवला, आणि कायदा झाला तो चौदा प्रकरणांचा. आता ती ३४ पानं मागून चिकटवता येतात थोडीच? पूर्ण पंधरा प्रकरणांचं विधेयक पुन्हा मांडलं, पुन्हा मंजूर केलं, बुश यांनी ते पुन्हा नाकारलं आणि १८ जूनला पुन्हा उलटवलं. एका कायद्यासाठी दोन व्हेटो आणि दोन उलटवण्या. ही हकिगत सांगितल्यावर माझ्या वर्गात 'जसंच्या तसं' हा मुद्दा परत कधी शिकवावा लागला नाही.

मुदत म्हणशील तर राष्ट्राध्यक्षाला आहे, काँग्रेसला जवळजवळ नाही. त्याला दहा दिवस, रविवार सोडून. काँग्रेस मात्र परत आलेलं विधेयक समितीकडे धाडू शकते, पुढची तारीख देऊ शकते, आज मतं जुळत नसतील तर थांबू शकते. फक्त दोन वर्षांची तिची मुदत संपली की सगळंच विरतं. २०२० च्या डिसेंबरात ट्रम्प यांनी संरक्षण खर्चाचं विधेयक नाकारलं तारीख २३ ला. प्रतिनिधिगृहाने २८ ला उलटवलं, ३२२ विरुद्ध ८७. सिनेटने थेट १ जानेवारीला, ८१ विरुद्ध १३. नवी काँग्रेस ३ तारखेला बसणार होती. म्हणजे दोन दिवस हातात ठेवून.

राहिलं दाबून ठेवणं. काँग्रेस बसलेली असताना दहा दिवस गप्प राहिला तर विधेयक सहीशिवाय कायदा होतं. पण मधेच काँग्रेस तहकूब होऊन घरी गेली, परत पाठवायला समोर कुणी उरलंच नाही, तर ते मेलं. याला म्हणतात पॉकेट व्हेटो, विधेयक खिशात घालून बसणं. आणि हा उलटवता येत नाही! परतच आलं नाही तर फेरविचार कशाचा करणार? आरंभापासून २०२४ अखेरपर्यंत तिथले अडीच हजारांवर व्हेटो झाले, त्यातले हजारावर असले खिशातले. उलटवले गेले ते एकूण ११२.

अर्धवटराव

बाई, माझा वेड्यासारखा प्रश्न. ज्या लोकांनी विधेयक आधी मंजूर केलं तेच लोक परत मत देणार ना? मग ११२ च का? कालचे 'हो' आज 'नाही' कसे होतात?

मास्तरीण

वेड्यासारखा नाही हो, वर्गात हाच सगळ्यात चांगला प्रश्न ठरायचा.

एक तर पहिल्यांदा लागतं निम्म्याहून एक जास्त, आता लागतं विरोधकांच्या दुप्पट. ५५ विरुद्ध ४५ ने ऐटीत मंजूर झालेलं विधेयक इथे सपशेल आपटतं, एकानेही मत न बदलता. राष्ट्राध्यक्षाला दोन्ही सभागृहं सांभाळायचीही गरज नाही, एक पुरे. सगळे हजर असतील तर प्रतिनिधिगृहात १४६ किंवा सिनेटमध्ये ३४. एवढी माणसं कुठल्याही राष्ट्राध्यक्षाच्या पक्षाकडे बहुधा असतातच. थोरल्या बुश यांचे ४४ व्हेटो झाले, उलटला एकच. दुसऱ्या टोकाला १८५० च्या दशकातले पिअर्स: नऊ व्हेटो, त्यातले पाच उलटले.

आणि माणसं मतही बदलतात. विधेयकाला 'हो' म्हणणं हे विधेयकाबद्दल असतं. व्हेटो उलटवायला 'हो' म्हणणं म्हणजे आपल्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाच्या थोबाडीत मारणं. पहिलं करणारे पुष्कळ असतात, दुसरं करताना हात जड होतो. उलटही घडतं. २०१६ मध्ये परकी सरकारांवर दहशतवादासाठी दावा लावू देणारं विधेयक ओबामा यांनी नाकारलं. निवडणूक तोंडावर, ११ सप्टेंबरच्या मृतांचे नातेवाईक समोर. 'नाही' म्हणायची हिंमत कुणाची? सिनेटमध्ये ९७ विरुद्ध १. आणि दुसऱ्याच दिवशी काँग्रेसचे नेते बोलायला लागले की या कायद्यात दुरुस्ती लागेल बहुतेक. मी असते तर त्या एकाला चहा पाजला असता.

पण छेदाचं राजकारण खरं बघायचं तर १८६६ बघा. यादवी युद्ध नुकतं संपलेलं. दक्षिणेच्या अकरा बंडखोर राज्यांचे सदस्य काँग्रेसने आत घेतलेलेच नाहीत, म्हणजे छेद आधीच छाटलेला. फेब्रुवारीत गुलामगिरीतून सुटलेल्यांना मदत करणाऱ्या खात्याचं विधेयक राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नाकारलं. सिनेटमध्ये उलटवायचा प्रयत्न झाला, ३० विरुद्ध १८. दुप्पट करा: ३६. पडलं.

मग मार्चमध्ये आलं नागरी हक्कांचं विधेयक, जन्माने नागरिकत्व आणि कायद्यापुढे समान हक्क देणारं. जॉन्सन यांनी तेही नाकारलं. फेब्रुवारीची बेरीज सगळ्यांच्या डोक्यात. त्याच सुमारास न्यू जर्सीचे सिनेटर स्टॉकटन, जॉन्सन यांच्या बाजूचे, यांची निवड वैध होती का हा वाद सिनेटपुढे होता. स्वतःच्याच प्रकरणात त्यांनी स्वतःच्या बाजूने मत दिलं, त्यावरून गदारोळ झाला, आणि २७ मार्चला त्यांची निवड रद्द. ६ एप्रिलला सिनेटमध्ये मतदान झालं: ३३ विरुद्ध १५. तीन दिवसांनी प्रतिनिधिगृह, १२२ विरुद्ध ४१. एवढ्या महत्त्वाच्या कायद्यावरचा राष्ट्राध्यक्षाचा नकार तोवर कधी उलटला नव्हता. पहिला उलटला होता १८४५ मध्ये, टायलर यांच्या कारकिर्दीच्या शेवटच्या दिवशी, आणि तो होता महसूल खात्याच्या गस्ती जहाजांच्या पैशांवरून.

आता वही काढा. स्टॉकटन सभागृहात असते तर ३३ विरुद्ध १६. दुप्पट ३२. तरीही मंजूर! मग काढलं कशाला? कारण जॉन्सन यांच्या बाजूचा आणखी एक सदस्य आजारी होता आणि तो उठून येईल का, हे आधी कुणालाच माहीत नव्हतं. दोघेही आले असते तर ३३ विरुद्ध १७. दुप्पट ३४. पडलं असतं, एका मताने.

स्टॉकटन यांना हिशेब करून काढलं की निवड खरोखर सदोष होती, यावर इतिहासकारांना भांडू दे. निवडीत दोष काढायला जागा होती हे खरं, त्या राज्याच्या विधिमंडळात त्यांना निम्म्याहून जास्त मतं नव्हती, फक्त इतरांपेक्षा जास्त होती. पण तारखा बघितल्या की माझ्या भुवया दरवेळी वर जातात.

कलमकसाई

बाईंचा छेद मान्य, पण तो अमेरिकेचा छेद आहे. पाटी, प्रश्नात देशाचं नाव ठळक लिही, नाहीतर स्पर्धक भांडतील.

फिलिपिन्समध्ये घटनेने पळवाटच सोडलेली नाही: प्रत्येक सभागृहाच्या सर्व सदस्यांचे दोन तृतीयांश. तिथे घरी बसलेला माणूस 'नाही' म्हटल्यासारखाच. तिथे राष्ट्राध्यक्षाला तीस दिवस, आणि गप्प बसला की कायदा, खिसाच नाही. ब्राझीलमध्ये दोन तृतीयांश लागतच नाहीत, एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त पुरतात, पण दोन्हीकडे वेगवेगळे: ५१३ पैकी २५७ आणि ८१ पैकी ४१, संयुक्त बैठकीत. पोलंडमध्ये कनिष्ठ सभागृह एकटंच उलटवतं, तीन पंचमांशांनी, निम्मे सदस्य हजर हवेत. सिनेटला कुणी विचारत नाही. फ्रान्स आणि इटलीत राष्ट्राध्यक्ष फक्त 'पुन्हा विचार करा' म्हणू शकतात. पुन्हा मंजूर केलं की जारी करावंच लागतं.

मला स्वतःला सगळ्यात रस वाटतो तो दक्षिण कोरियाचा. तिथे निम्म्याहून जास्त हजर आणि हजर असलेल्यांचे दोन तृतीयांश, पण मतदान गुप्त. २८ मे २०२४ ला विशेष चौकशी वकील नेमण्याच्या एका विधेयकावर फेरमतदान झालं: १७९ बाजूने, १११ विरोधात, ४ मतं बाद. हजर २९४, हवी होती १९६. बाद मतंही छेदात बसतात, हे लक्षात घ्या. आणि मतपेटी बंद असल्यामुळे कोण फुटलं, कोण टिकलं यावर नंतर नुसत्या अटकळी. ब्राझीलने मात्र २०१३ मध्ये घटनादुरुस्ती करून व्हेटोवरचं गुप्त मतदान बंदच केलं.

आता भारत, कुणीतरी विचारणारच म्हणून. आपल्याकडे 'उलटवणं' या अर्थी काही नाही. अनुच्छेद १११ प्रमाणे राष्ट्रपती धनविधेयक सोडून इतर विधेयक फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. संसदेने साध्या बहुमताने पुन्हा मंजूर केलं, दुरुस्ती करून किंवा न करता, की संमती रोखता येत नाही. २००६ मध्ये लाभाच्या पदांचं विधेयक डॉ. कलाम यांनी परत पाठवलं, संसदेने जसंच्या तसं पुन्हा मंजूर केलं, त्यांनी सही केली. पण परत पाठवायला ठरलेली मुदत नाही. १९८६ चं टपाल दुरुस्ती विधेयक झैलसिंग यांनी ना सही केलं ना परत पाठवलं, आणि शेवटी २००२ मध्ये ते मागे घेतलं गेलं. अमेरिकेचा खिसा दहा दिवसांचा आणि काँग्रेस घरी गेली तरच उघडणारा, आपला खिसा सोळा वर्षं खोल निघाला.

राज्यांच्या विधेयकांचं तर आणखी त्रांगडं. राज्यपालांनी विधेयक राष्ट्रपतींसाठी राखून ठेवलं, राष्ट्रपतींनी परत पाठवायला सांगितलं, विधिमंडळाने सहा महिन्यांत पुन्हा मंजूर केलं, तरी अनुच्छेद २०१ राष्ट्रपतींना बांधून ठेवत नाही.

अर्धवटराव

आणि ते वर्ष बदलणारे राज्यपाल? मी कुठेतरी वाचलं होतं की एका राज्यपालाने आकडे खोडून ४०० वर्षांचा कायदा केला. थाप असेल तर सांगा.

कलमकसाई

थाप नाही. विस्कॉन्सिन, २०२३. तिथे खर्चाच्या विधेयकातला काही भागच नाकारता येतो, अगदी शब्द आणि अंकसुद्धा. शाळांची महसूल मर्यादा दर विद्यार्थी दर वर्षी ३२५ डॉलरने वाढवायची तरतूद दोन शालेय वर्षांसाठी होती. राज्यपाल एव्हर्स यांनी '२०२४-२५' मधले '२०' आणि मधली आडवी रेघ खोडली. उरलं २४२५. विधिमंडळाने दोन वर्षं म्हटलं होतं, कागदावर चारशे दोन झाली. २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ ने ते वैध ठरवलं. उलटवायला तिथेही दोन तृतीयांश लागतात.

देशाच्या राष्ट्राध्यक्षाला असली खोडाखोड करता येत नाही. १९९६ च्या कायद्याने खर्चाच्या बाबतीत तसा अधिकार दिला होता, १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. घेतलं तर सगळं, नाकारलं तर सगळं.

पाटीपेन्सिल

बाई, कलमकसाई, पोटभर झालं. मैत्रिणीची माफी मागितली, तिने लाल शाईत 'ठीक' लिहून पाठवलंय. जुना प्रश्न काढून टाकला. नवा असा:

"अमेरिकेच्या सिनेटमध्ये राष्ट्राध्यक्षाचा नकार उलटवण्यासाठी मतदान झालं. गणपूर्ती होती. ३३ बाजूने, १६ विरोधात. नकार उलटला की टिकला? वेळ वीस सेकंद, कागद-पेन्सिल चालणार नाही."

एकूण सदस्य किती ते मुद्दामच दिलेलं नाही. चालेल?

मास्तरीण

चालेल. कुणी "एकूण सदस्य किती?" असं विचारलं तर माझ्या त्या अकरा वर्षांच्या बॅचमधला असणार, सांभाळून घे. आणि लगेच पुढचा प्रश्न टाक: ३३ विरुद्ध १७.